नर वेल उपटू नका

परसदार

गेल्या पावसाळ्यात एका रोपवाटिकेतून करटोलीची चार रोपं आणली. मांडव घातला, शेणखत दिलं. जुलैअखेर पिवळी फुलं इतकी आली की शेजारच्या काकूंनी भाजीचा वाटा आधीच मागून ठेवला. पण एकाही फुलाखाली ती इवलीशी काटेरी गाठ दिसेना. चारही नर! जाब विचारायला गेलो, तर विक्रेता म्हणाला, "बियांची रोपं ती, फूल येईस्तोवर आम्हाला तरी काय कळणार?" खरंच बोलत होता, त्यामुळे धड भांडताही आलं नाही.

करटोलीत नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. फुलणाऱ्या वनस्पतींच्या शंभर जातींत असा वेगळा संसार जेमतेम पाच-सहा जाती मांडतात. बाकीच्या बहुतेक एकाच झाडावर, नव्हे एकाच फुलात, दोन्ही उरकतात. करटोलीची 28 गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली कितीही न्याहाळली तरी नर-मादी ओळखू येत नाही. पपईच्या 18 गुणसूत्रांची तीच गत. म्हणून तर खड्ड्यात दोन-तीन रोपं लावायची आणि फुलं दिसली की नर काढायचे.

तोंडलीचं मात्र नवल आहे. तिची गुणसूत्रं 24. नराच्या पेशीत त्यातलं एक, वाय, बाकी साऱ्यांपेक्षा ठसठशीत मोठं. माणसाचा वाय म्हणजे जोडीतला खुजा. तोंडलीचा चक्क पैलवान. एल. एस. एस. कुमार आणि जी. बी. देवडीकर यांनी तोंडलीच्या या लिंग-गुणसूत्रांवर 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं ते 1940 साली. आणि पैलवान नुसता दिसायलाच नाही: सोबत एक्स एकाऐवजी दोन असले, तरी एकटा वाय वेलाला नर करून सोडतो.

मग वाय नसलेल्या मादी वेलाला पुंकेसर करताच येत नाहीत का? येतात. पुण्याच्या आयसरमधल्या संशोधकांनी 2014 मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मादी वेलावर सिल्व्हर नायट्रेट फवारलं, तर तिच्या फुलांत पुंकेसर वाढू लागले. वाय नसतानाही काही फुलं द्विलिंगी धरणारा एक वेलही त्यांनी तपासला. म्हणजे पुंकेसर घडवायची विद्या मादीकडेही आहे, फक्त दाबून ठेवलेली.

एवढं सगळं ज्याच्या पेशीत पाहायला मिळतं, त्या नर तोंडलीला आपल्याकडे किंमत शून्य. लागवड होते ती चांगल्या मादी वेलाचे छाट लावून. लागवडीतले कित्येक वेल परागाविनाही फळ धरतात. त्यामुळे मांडवावर वर्षानुवर्षं एकाच वेलाच्या नकला. नर उरतो तो कुंपणावर, आणि तिथेही 'वांझ वेल' म्हणून विळ्याखाली जातो. संस्कृत कवींनी ओठांना बिंबफळाची उपमा दिली ती याच तोंडलीच्या पिकल्या फळाची. त्या फळात रुजणारं बी पडलं ते याच वांझोट्याच्या परागामुळे, हे कोण सांगणार? कुंपणावरच्या कडू जातीचा नर जवळ असला की मांडवावरची तोंडली कडू होतात, ही आणखी एक समजूत. फळाचा गर आईचा असतो. बापाचा वाटा बियांत. उद्या रोगाला टिकणारी किंवा कमी पाण्यावर तगणारी नवी तोंडली हवी झाली, तर ती बियांतूनच येईल, छाटांतून नाही. कृषी विद्यापीठांनी मादी वेलांइतकेच गावोगावचे नरही जपून ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या सोसायटीच्या माळ्याला मी कुंपणावरचा नर सोडायला लावला आहे. तो हसतो, पण सोडतो.

करटोलीचं म्हणाल, तर यंदा कंद लावले, मादी वेलांचे, फुलं पाहून खूण केलेले. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो, म्हणून जुन्या चारातला एकच ठेवला. फुलं तिन्हीसांजेला उमलतात. तेव्हा नराचं फूल खुडून मादीच्या फुलांवर टेकवत फिरतो. उरलेले तीन कंद एका ओळखीच्यांना दिले. त्यांच्या मांडवावर दोन वर्षं नुसत्या माद्या होत्या.