सामायिक कोणतें, ज्याचें त्याचें कोणतें?

गेल्या सुटींत आमचा नातू चंद्रपुरास आला असतां त्यानें संगणकासाठीं स्वतः लिहिलेली एक आज्ञावली आम्हांस दाखविली. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गोंड गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, हें वाचकांस ठाऊक असेलच. त्या गांवाचा हिशेब मांडण्यासाठीं नातवानें ‘घर’ नांवाचा एक वर्ग, म्हणजे घराचा सांचा, केला होता. कुटुंबप्रमुखाचें नांव, माणसें आणि जंगल हीं त्याचीं अंगें. बेरीज पाहतों तों काय! दहा घरें नोंदलीं आणि जंगल अठरा हजार हेक्टर झालें!

चूक कोठें होती? सांच्यावरून एकेक घर घडतांना नांव व माणसें जशीं ज्याचीं त्यास मिळालीं, तसें जंगलही प्रत्येकाच्या पदरीं निराळें पडलें. अशा अंगास जावा, सी प्लस प्लस इत्यादि भाषांत ‘स्टॅटिक’ हा शब्द लावितात. मग तें एकेका घराचें न राहतां वर्गाचें होतें. घरें दहा असोत वा शंभर, प्रत एकच. एकही घर नोंदलेलें नसलें तरी ती असतेच.

आम्हीं पांडित्य मिरवून म्हटलें, “स्टॅटिक म्हणजे स्थिर. न्यायशास्त्रांतलें ‘सामान्य’च तें, एक, नित्य आणि अनेकांत राहणारें.” नातू हंसला. “आजोबा, एक खरें, पण नित्य नव्हे. एकानें बदललें कीं सर्वांना बदललेलेंच दिसतें. बदलूं नये असें वाटल्यास जावामध्यें ‘फायनल’ हा शब्द निराळा लिहावा लागतो.” साठी उलटल्यावर मिळालेला हा धडा आम्हांस गोड वाटला.

सामायिकाचें बळ तेथेंच, भयही तेथेंच. म्हणून जाणते लोक तें अंग खासगी ठेवून बदलण्याचा अधिकार वर्गाच्या एखाद्या स्टॅटिक कृतीकडे सोंपवितात. मेंढ्याची ग्रामसभा सर्वसहमतीनें निर्णय घेते, त्यांतलें मर्म हेंच. मात्र ही कृति ‘माझी चूल’ असें म्हणूं शकत नाहीं. कोणतें घर तें सांगितल्यावांचून एकाही घरचें अंग तिला दिसत नाहीं.

आमच्याच घरीं शेताची वाटणी झाली तेव्हां एकुलती विहीर प्रत्येक भावानें आपल्या हिश्शांत धरली होती. तो तंटा दहा वर्षें पुरला. सामायिक कोणतें आणि ज्याचें त्याचें कोणतें, हें आरंभींच लिहून ठेवावें. नाहींतर कागदावर जंगल दसपट होतें, आणि रानांत बांबू मात्र होते तेवढेच राहतात.