मोल्सवर्थ : एका आडनावाची व्युत्पत्ती

मराठीच्या अभ्यासकाला मोल्सवर्थ हे आडनाव असल्याचे क्वचितच जाणवते. त्याच्या लेखी ते कोशाचेच नाव झाले आहे. १८३१ साली मुंबईत मराठी-इंग्रजी कोश सिद्ध करणाऱ्या जेम्स टॉमस मोल्सवर्थचे हे कुलनाम इंग्लंडातही विरळाच आढळते.

त्याची फोड करण्याचा मोह अनावर होतो. मराठीत 'मोल' म्हणजे किंमत, इंग्रजीत 'वर्थ' म्हणजेही किंमत. शब्दांचे मोल करणाऱ्या कोशकाराला याहून शोभणारे नाव कोणते? दुसरा तर्क खास इंग्रजी वळणाचा : जमीन उकरणारा 'मोल' नावाचा प्राणी. दोन्ही तर्क रंजक असले तरी निराधार आहेत.

हे नाव मुळात हंटिंगडनशायरमधील एका खेड्याचे. (१९७४पासून हा प्रदेश केंब्रिजशायरमध्ये मोडतो.) १०८६च्या डूम्सडे पाहणीत ते 'मोलेसवर्दे' असे नोंदलेले आहे. यातील 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेले आवार. किंमतवाचक 'वर्थ' हा निराळा शब्द, केवळ उच्चाराने जुळलेला. पूर्वपद 'मूल' हे जुन्या इंग्रजीतील व्यक्तिनाम होय. ६८७ साली केंटमध्ये जाळून मारल्या गेलेल्या राजाचेही नाव मूलच होते. मात्र खेड्याचा मूल तोच, असे मानण्यास काहीही आधार नाही. प्राणिवाचक 'मोल' हा शब्द तर इंग्रजी लेखनात डूम्सडेनंतर काही शतकांनी दिसू लागतो. तेव्हा अर्थ एवढाच : मूलचे आवार.

आपल्याकडे गावावरून आडनाव पडताना बहुधा 'कर' लागतो. इंग्रजीत गावाचे नाव तसेच माणसाला चिकटते. परंतु दोन्हीकडे एक सावधगिरी आवश्यक आहे. एकाच गावातून निघालेली माणसे एकाच कुळातली असतातच असे नाही. १७१६ साली आयर्लंडमध्ये व्हायकाउंट झालेला रॉबर्ट मोल्सवर्थ आणि आपला कोशकार यांचे नाते केवळ आडनावावरून जुळवणे म्हणजे दोन सातारकरांना भाऊबंद ठरवण्यासारखे आहे.

मराठी आडनावांवरील लेखनात मात्र नादसाम्यावर व्युत्पत्ती उभारण्याची हौस अद्याप ओसरलेली नाही. आजचा उच्चार घ्यायचा, संस्कृतात जवळचा शब्द शोधायचा आणि मध्ये एखादी दंतकथा बसवायची, ही रीत शास्त्रीय नव्हे. ताम्रपट, महजर, वतनाचे कागद यांतील जुनी रूपे कालक्रमाने मांडल्यावाचून आडनावाविषयी बोलण्याचा अधिकार पोचत नाही. ही रूपे एकत्र करण्याचे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पदवीही सहजी मिळत नाही, हे खरेच.