खुनाचे चित्रपट आम्ही का पाहतो?

वार्षिकासाठी लेख द्यायचा म्हणून आम्ही पाच-सहा जणी विषय ठरवीत बसलो होतो. कुणी 'स्त्री-शिक्षणाचे महत्त्व' घेतले, कुणी 'पर्यावरण', कुणी 'माझे गाव'. मी म्हटले, "मी खुनाच्या चित्रपटांवर लिहिणार." सगळ्या हसल्या. एकीने विचारले, "काहून, कोणाचा काटा काढायचा हाय का तुले?" हसण्यात मीही सामील झाले, पण घरी जाताना वाटले, हा प्रश्न विचारण्यासारखाच आहे. खून, रक्त, किंकाळ्या हे सारे मी का पाहते? आणि माझ्यासारखे असंख्य लोक का पाहतात?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. बाबा राइस मिलमध्ये हमाली करतात. आई रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत रोजीने जाते. २०२० साली टाळेबंदी झाली, शाळेचे वर्ग मोबाइलवर भरू लागले, तेव्हा बाबांनी उचल घेऊन एक मोबाइल आणला. वर्ग संपले, मोबाइल उरला. त्याच मोबाइलवर गेल्या वर्षी मी पहिला इटालियन रहस्यपट पाहिला. इटालियन मला येत नाही. खाली उमटणारी इंग्रजी अक्षरे वाचता वाचता अर्धे दृश्य निघून जाई. मग मागे नेऊन तेच दृश्य पुन्हा पाहावे लागे. हे पुन्हा पाहणेच पुढे माझ्या कामी आले.

इटलीत या चित्रपटांना 'जाल्लो' म्हणतात. जाल्लो म्हणजे पिवळा. आपल्याकडे पिवळे पुस्तक म्हटले की वडीलधारी मंडळी कान टवकारतात. तसला अर्थ येथे नाही. मिलान शहरातील मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ साली रहस्यकथांची एक माला काढली. तिची मुखपृष्ठे पिवळी होती. ती माला इतकी लोकप्रिय झाली की पुढे इटलीत रहस्यकथेलाच 'पिवळी' हे नाव पडले. आपल्या बाबूराव अर्नाळकरांची आठवण व्हावी असाच हा प्रकार. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू यांच्या नादाने किती तरी मराठी माणसांना वाचनाची गोडी लागली. विद्वानांनी नाके मुरडली, पण पुस्तके हातोहात गेली.

इटलीत पुस्तकांमागून चित्रपट आले. मारिओ बावा या दिग्दर्शकाचा 'ब्लड अँड ब्लॅक लेस' १९६४ सालचा. उंची कपड्यांच्या एका पेढीवर काम करणाऱ्या मुली त्यात एकामागून एक मारल्या जातात, आणि खुन्याच्या तोंडावर नाक-डोळे नसलेला कोरा पांढरा मुखवटा असतो. १९७० साली दारिओ आर्जेंतो यांचा 'स्फटिकाच्या पिसांचा पक्षी' आला. मी प्रथम पाहिला तो हाच.

त्याची सुरुवात अशी. रोममध्ये राहणारा एक अमेरिकन लेखक रात्री घरी चालला आहे. रस्त्यापलीकडे एका कलादालनाच्या काचेतून त्याला दिसते की एक बाई आणि काळ्या कोटातला एक माणूस यांची झटापट चालली आहे. हातात सुरी चमकते. तो धावतो, पण काचेच्या दोन दारांमध्ये अडकतो. बाई जखमी होऊन पडलेली आहे, आणि त्याला ना आत जाता येते ना बाहेर. नुसते पाहत राहावे लागते. पुढे ती बाई वाचते. पोलीस त्याला विचारतात, तो सारे सांगतो. पण त्याच्या मनाला एकच टोचणी लागते, की आपण जे पाहिले त्यात काहीतरी बसत नाही. काय, ते आठवत नाही. शेवटी कळते की त्याने पाहिले ते खरे होते, पण लावलेला अर्थ उलटा होता. सुरी त्या बाईच्याच हातात होती, आणि काळ्या कोटातला माणूस ती काढून घेऊ पाहत होता. याच दिग्दर्शकाच्या १९७५ सालच्या 'प्रोफोंदो रोस्सो'मध्येही नायकाने खुन्याचा चेहरा अगदी सुरुवातीलाच पाहिलेला असतो. पण तो आरशात दिसल्यामुळे भिंतीवरच्या तसबिरींपैकीच एक वाटून जातो.

माझ्या मते या चित्रपटांचे सारे आकर्षण येथे आहे. रक्त हे फक्त माणसे जमवण्यापुरते. आपल्याला बांधून ठेवतो तो साक्षीदार. त्याने पाहिलेले असते, पण समजलेले नसते. आणि आपणही त्याच्याबरोबर तेच पाहिलेले असते! खुनी आपल्याही डोळ्यांसमोरून गेला आणि आपल्याला दिसला नाही, ही लाज आपल्याला पुन्हा पहिल्या दृश्याकडे ओढून नेते.

आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि झाडीपट्टीतली नाटके रात्रभर चालतात. त्या नाटकांत खलनायक पहिल्याच प्रवेशात ओळखू येतो. बायाबापड्या बसल्या जागेवरून त्याला शिव्या घालतात, आणि पहाटे निश्चिंत मनाने घरी जातात. वाईट माणूस कोण हे माहीत असणे, यात मोठा दिलासा असतो. रहस्यपट हा दिलासा काढून घेतो. तो म्हणतो, खुनी तुमच्याच ओळीत बसलेला असेल.

हे सारे परदेशी खूळ आहे, असे कुणी म्हणेल. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' १९६४ सालचा, म्हणजे बावा यांच्या त्या चित्रपटाच्याच वर्षीचा. त्यावरूनच १९६६ साली राज खोसला यांनी हिंदीत 'मेरा साया' काढला. बायको डोळ्यांदेखत वारलेली, आणि पुढे पोलिसांच्या हाती सापडलेली एक बाई भर कोर्टात सांगते की तुमची बायको मीच. नवरा मानायला तयार नाही, कारण त्याने आपल्या डोळ्यांनी मरण पाहिले आहे. आणि डोळ्यांनीच त्याला फसवलेले असते. येथे काळे हातमोजे नाहीत, रक्ताचे पाट नाहीत. पण टोचणी तीच.

त्याहून मागे जायचे तर आमगावाच्या बाहेरही जावे लागत नाही. जवळचे पदमपूर हेच भवभूतीचे पद्मपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. सुमारे तेराशे वर्षांपूर्वीच्या या कवीच्या 'मालतीमाधव' नाटकातला पाचवा अंक स्मशानात घडतो. भुतेखेते आहेत, मांस आहे, अंधार आहे. अघोरघंट आणि कपालकुंडला मालतीला देवीपुढे बळी देण्यासाठी घेऊन आले आहेत. स्मशानात फिरणाऱ्या माधवाच्या कानी ओळखीचा आक्रोश पडतो. तो धावत जातो, अघोरघंटाला मारतो आणि मालतीला वाचवतो. भयानक आणि बीभत्स हे रस आपल्या शास्त्राने नवरसांत बसवले ते उगीच नव्हे. मात्र भवभूतीच्या नाटकात आणि या चित्रपटांत एक फरक आहे. माधवाने आवाज ऐकला आणि तो वेळेवर पोहोचला. आर्जेंतोचा नायक काचेत अडकला. आपण बहुतेक माणसे काचेतली.

आता हा विषय मी का घेतला ते सांगते.

मी दहा-अकरा वर्षांची असताना आमच्या मोहल्ल्यात एक नवी सून आली. मी तिला वहिनी म्हणे. तिच्याकडे मोगऱ्याच्या वासाचे तेल होते. ते लावून ती माझ्या वेण्या घालून देई. एके दिवशी सकाळी ती विहिरीत सापडली. सांजेला पाण्याला गेली आणि पाय घसरला, असे सगळे म्हणाले. तिचा गुंड विहिरीच्या काठावर होता. पोलीस आले, कागद झाले. नंतर ती विहीर जाळीने झाकली गेली, आणि विषयही झाकला गेला.

आदल्या सांजेला मी सपरीत अभ्यासाला बसले होते. वहिनी समोरून आली, वाकून तिने दोन्ही हातांनी माझे गाल धरले, "अभ्यास कर बाई" म्हणाली आणि विहिरीच्या वाटेने गेली. एवढेच. ही आठवण माझ्याजवळ प्रेमाची म्हणून राहिली होती. तो चित्रपट पाहिला त्या रात्री मला झोप आली नाही. दोन्ही हातांनी! रिकामा गुंड बाई कमरेवर नेते, आणि कमरेवर गुंड असला की एक हात त्यात अडकलेला असतो. डोक्यावर असता तर तिला वाकता आले नसते. मग काठावरचा गुंड तेथे कुणी नेला?

दुसऱ्या दिवशी मी आईला विचारले. ती तांदूळ पाखडत होती. तिचे हात थांबले. म्हणाली, "तुले काही आठवत नसन. ल्हान होतीस तू." थोड्या वेळाने म्हणाली, "आन् कोणाजवळ बोलू नोको." माझे आठवणे खोटे असेल, तर ते कुणाजवळ न बोलण्याचे कारण काय? पण हे मी आईला विचारू शकले नाही.

मी कुणावर आळ घेत नाही. तो प्रसंग कदाचित दुसऱ्या एखाद्या सांजेचा असेल. गुंड आधीच काठावर ठेवून ती काही विसरलेले न्यायला परत आली असेल. त्या अमेरिकन लेखकाप्रमाणे मीही उलटा अर्थ लावला असेल. म्हणूनच येथे गाव लिहिले नाही, वर्ष लिहिले नाही, आणि खाली माझे नावही घातलेले नाही. पण त्या वेळी मोहल्ल्यातल्या एकाही मोठ्या माणसाने मला विचारले नाही, "पोरी, तू काही पाहिलेस का?" त्या चित्रपटातल्या पोलिसांनी निदान साक्षीदाराला विचारले तरी.

याच कारणाने या चित्रपटांवर माझा रागही आहे, आणि तो लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्यांत मरणाऱ्या बहुतेक स्त्रिया असतात, आणि त्या सुंदर असतात. कॅमेरा त्यांच्या मरणावर रेंगाळतो. त्यांच्या जगण्यावर क्षणभरही थांबत नाही. त्या कुणाच्या कोण होत्या, त्यांच्यामागे कोण रडले, ते कळत नाही. त्या कोड्यातला एक तुकडा होऊन जातात. मला वहिनी आठवते ती तेलाच्या वासासकट, वेण्या घालताना. असल्या चित्रपटात ती असती तर फक्त विहिरीतली दिसली असती. चित्रपट काढणाऱ्यांनी पाहण्याची कला आपल्याला शिकवली, पण कुणाकडे पाहावे हे ते स्वतःच विसरले.

तरीही हे चित्रपट पाहू नका असे मी म्हणणार नाही. त्यांनी तरुण पिढी बिघडते ही ओरड मला पटत नाही. खून पाहून कुणी खुनी होत असते, तर मंडईच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात एकही माणूस उरला नसता. माणूस बिघडतो तो पाहिलेले न पाहिल्यासारखे करण्याची सवय लागल्यामुळे. ती सवय मोबाइलने लावलेली नाही. ती घराघरांत फार जुनी आहे.

आपल्यापैकी पुष्कळ जणी उद्या शिक्षिका होतील, अंगणवाडीत जातील, काही पोलीस भरतीसाठी आजच मैदानावर धावत आहेत. मैत्रिणींनो, माझे एवढेच सांगणे आहे. एखादे लहान पोर तुम्हाला काही सांगू लागले, तर "तू लहान आहेस" म्हणून त्याला गप्प करू नका. त्याने पाहिलेले अर्धवट असेल, उलटे असेल. तरी पूर्ण ऐकून घ्या, आणि त्याला पुन्हा एकदा सांगायला लावा.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग २