बघून सांगायचे किती?

जुनी मोटरसायकल घेऊन नागपुरातल्या कुठल्याही गॅरेजला जा आणि सांगा, "भाऊ, इंजिनातून ठकठक येतेय." गाडी मेन स्टँडवर लागेल, दोनदा रेस दिली जाईल आणि निकाल येईल, "हाफ इंजिन करा लागते." या सगळ्याला दीड मिनिट पुरतं. पुढची अर्धा तास घासाघीस खर्चावर होते. आवाज नक्की कशाचा, यावर एक वाक्यही बोललं जात नाही.

यावर लगेच 'मेकॅनिक लुटतात' असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. मेकॅनिकला पैसे मिळतात ते पार्टचे आणि तो बसवायच्या मजुरीचे. बिघाड शोधण्याचे त्याला कोणी देत नाही. ज्या कामाचे पैसेच नाहीत ते काम तो कशाला करेल? तो सरळ इंजिन उघडतो, कारण त्याचा धंदा उघडल्यावरच सुरू होतो. हा नियम गिऱ्हाइकांनी घालून दिलेला आहे.

आमच्या घरी २००६ची स्प्लेंडर आहे. हे मॉडेल हीरो होंडानं १९९४ मध्ये आणलं. ९७.२ सीसी, एक सिलिंडर, ५० मिलिमीटरचा पिस्टन. याहून ओळखीचं इंजिन आपल्या रस्त्यांवर शोधून सापडणार नाही. तरीही मागच्या उन्हाळ्यात तिच्या ठकठकीवर तीन गॅरेजांनी तीन निकाल दिले. पहिला म्हणाला हाफ इंजिन. दुसरा म्हणाला कनेक्टिंग रॉड गेला, फुल इंजिन करा. तिसऱ्यानं जाड ऑइल टाकलं आणि गाडी विकायचा सल्ला दिला. ती चालवून कोणीच पाहिली नाही.

खरं तर इंजिनाचा ठोका स्वतःबद्दल बरंच सांगतो. गाडी थंड असताना वाजतो आणि तापल्यावर कमी होतो, तर पिस्टन सिलिंडरमध्ये ढिला असण्याची शक्यता जास्त, कारण ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगतो आणि फट भरतो. उलट तापल्यावर, ऑइल पातळ झाल्यावर आणि लोड आल्यावर आतून जड ठोका येतो, तेव्हा कनेक्टिंग रॉडचा संशय घ्यावा. वरून बारीक टिकटिक येत असेल तर आधी टॅपेटची फट मोजावी. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर क्लचच्या बाजूला बघावं. आणि कधी कधी इंजिनात काहीच नसतं, फक्त ते फ्रेमला धरणारा बोल्ट सैल झालेला असतो.

आता यातल्या किती गोष्टी गॅरेजच्या दारात कळतील? गाडी तिथं पोचेपर्यंत तापलेली असते, म्हणजे सकाळचा पुरावा रस्त्यातच संपला. स्टँडवर रेस दिल्यानं लोड येत नाही. आपलं शहर सपाट, त्यामुळे चढावरचा आवाज ऐकायचा तर सेमिनरी हिल्सवर जावं लागतं. सकाळच्या पहिल्या किकचा आवाज फोनवर रेकॉर्ड करता येतो, चढावर एक फेरी मारता येते. या दोन्ही गोष्टींना एक रुपयाचा पार्ट लागत नाही. वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे कोणाच्याच बिलात नाहीत.

चौथ्या मेकॅनिकला मी म्हटलं, "एका तासाचे पैसे घ्या, आज काहीच उघडू नका. फक्त शोधा." तो संशयानं बघत म्हणाला, "निस्तं पाहाचे कायचे पैसे?" या एका प्रश्नात सगळा घोळ आहे. पण त्यानं तास दिला. रेकॉर्डिंग ऐकलं, सेमिनरी हिल्सच्या चढावर गाडी नेली, मग लांब पेचकसाचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून एकेक जागा तपासली. आवाज थंड-गरम दोन्हीत होता. आयडलला जास्त, रेस दिल्यावर कमी. क्लचनं फरक नाही, चढावर वाढ नाही, आणि ठिकाण सिलिंडरच्या डाव्या अंगाला, जिथून टायमिंग चेन जाते. निदान निघालं चेनच्या टेन्शनरचं, त्याच्या रॉडच्या टोकाचं रबर झिजलं होतं. रबर बदललं, ठकठक गेली. पार्ट आणि त्या तासाचे पैसे मिळून हाफ इंजिनाच्या खर्चाजवळही गेले नाहीत.

सध्या आणखी एक तयार निकाल फिरतोय, 'ई२०मुळे इंजिन ठोकतं'. गडकरींच्या नागपुरात तर इथेनॉलवर दोन्ही बाजूंनी तावातावानं बोललं जातं. पण इथंही आधी तपासावं. इथेनॉलनं पेट्रोलचं ऑक्टेन वाढतं, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारा ठोका कमी व्हायला मदतच होते. हा गुण शंभर वर्षांपूर्वीही माहीत होता. तरी १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजलीनं ठोक्यावर शिशाचं संयुग शोधलं आणि तेच जगभर चाललं. भारतात शिसंवालं पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं. दुसरी बाजूही खरी आहे. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, आणि जुना कार्बोरेटर त्यातल्या ऑक्सिजनचा हिशेब स्वतःहून जुळवू शकत नाही. मिश्रण पातळ होऊन इंजिन जास्त तापू शकतं, जुन्या नळ्या आणि रबरं खराब होऊ शकतात. तेव्हा ई२०ला दोष द्यायचा तर जरूर द्या, पण कशाचा, ते सांगून. झिजलेल्या टेन्शनरचं खापर त्याच्यावर फोडू नका.

'एवढं करण्यापेक्षा नवी गाडी घ्या' असं म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं की कोणाच्या पैशानं? या गाड्यांवर लोक दुधाचे कॅन नेतात, पार्सलं पोचवतात, बुटीबोरीला शिफ्टला जातात. चुकीच्या हाफ इंजिनाचा खर्च म्हणजे त्यांच्या घरातली कोणाची तरी फी असते.

'तासाचे पैसे घेऊनही तो हाफ इंजिनच सांगेल' हा आक्षेप जास्त वजनदार आहे. सांगू शकतो. म्हणून पैशासोबत कारणही मागायचं. थंड इंजिन ऐकलं का? लोडवर चालवलं का? एका वेळी एकच गोष्ट बदलली का? काढलेला पार्ट परत द्याल का? ज्याला उत्तरं देता येतील त्याच्याकडे पुन्हा जायचं. चांगला कान असलेल्या मेकॅनिकला आज गल्लीतल्या कुणापेक्षाही एक रुपया जास्त मिळत नाही. मग त्याच्या हाताखालचा पोरगा तो कान कशासाठी तयार करेल?

मी ज्या धंद्यात आहे तिथं बग शोधण्यात दोन दिवस गेले तरी पगार कापला जात नाही, आणि कापावा असं कुणाला वाटतही नाही. मिहानमधल्या ऑफिसांतून संध्याकाळी बाहेर पडणारे माझ्यासारखेच लोक गॅरेजात मात्र म्हणतात, "नुसतं बघितलं तर, त्याचे कसले शंभर रुपये?" हे बंद झालं पाहिजे. बिलावर पहिली ओळ तपासणीची हवी, पार्टची त्यानंतर. पुढच्या वेळी गाडी ठोकू लागली की आधी विचारा, "बघून सांगायचे किती?" आणि जो आकडा सांगितला जाईल, त्यावर घासाघीस करू नका.