म्हणे बॅटरी बदला!

परभणीत सकाळी गाडी चालू झाली नाही की जिंतूर रोडपासून वसमत रोडपर्यंत एकच निदान: "साहेब, बॅटरी गेली." मीही मुकाट्याने बदलली. तिसऱ्या दिवशी नवीनही झोपली! बग न शोधता सर्व्हर रिस्टार्ट करणारे आपण, दुसऱ्याला काय हसणार म्हणा...

शेवटी मल्टिमीटर काढला. किल्ली बाहेर, दारं बंद. निगेटिव्ह वायर सोडवून मधे मीटर, दहा अँपिअरच्या रेंजवर. (या अवस्थेत स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.) अर्धा तास थांबलो, कारण गाडीतले कॉम्प्युटर लगेच झोपत नाहीत. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. माझ्याकडे दीड अँपिअर! म्हणजे १२ तासांत १८ अँपिअर-अवर, ३५ च्या बॅटरीतून. एकेक फ्यूज उपसत गेलो. म्युझिक सिस्टिमचा काढला आणि आकडा धाडकन खाली. बाहेरून बसवलेल्या अँप्लिफायरची रिमोट वायर त्या महाभागाने कायम चालू असणाऱ्या वायरला जोडलेली. किल्लीवर चालणाऱ्या वायरला जोडली, खर्च शून्य.

मराठवाड्याच्या उन्हात बॅटऱ्या लवकर मरतात, मान्य. पण म्हणून तपासायचंच नाही? जुनी बॅटरी तर मी एक्स्चेंजमध्ये देऊनही बसलो होतो. ती बहुतेक धडधाकट होती.