चितळं, वाघनखं आणि बुरशी : संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांना परिषदेतून नेमकं काय मिळतं?

जुलै २०२५ मध्ये पुण्यातल्या कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात आठवडाभरात पंधरा-सोळा चितळं दगावली. नमुने भोपाळसह इतर ठिकाणच्या प्रयोगशाळांकडे गेले आणि कारण समोर आलं ते लाळ्या-खुरकूत. गाई-म्हशी पाळणाऱ्या प्रत्येक घराला माहीत असलेला हा आजार इथे हरणांच्या कळपात शिरला होता.

त्याआधी साधारण सहा महिने, डिसेंबर २०२४ च्या अखेरीस, नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं मेले. खाऊ घातलेल्या कोंबडीच्या मांसातून संसर्ग झाला असावा, अशी शक्यता तेव्हा व्यक्त झाली.

आजार वेगळे, प्राणी वेगळे, शहरंही वेगळी. पण अशा प्रसंगात पहिली खूण बहुतेक वेळा एकाच माणसाला दिसते. रोज सकाळी पिंजऱ्यापाशी जाणाऱ्या कर्मचाऱ्याला. काल सगळं खाणं संपवणाऱ्या जनावरानं आज तोंड लावलेलं नाही, एक हरीण लंगडतंय, हे त्याच्याच लक्षात येतं. मग प्रश्न असा, की नागपूरच्या कर्मचाऱ्यानं जे पाहिलं ते कात्रजच्या कर्मचाऱ्याला कसं कळणार? सरकारी परिपत्रक अधिकाऱ्याच्या टेबलावर येतं. पिंजऱ्यापर्यंत काय पोहोचतं?

संग्रहालयांच्या परिषदा नेमक्या याच प्रश्नाभोवती असतात. बाहेरून मात्र दिसतात त्या दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि सामूहिक फोटो. त्यामुळे ‘यांना तिकडे पाठवून मिळतं काय?’ असं लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तरही देता येतं.

प्राणिसंग्रहालय हे ‘संग्रहालय’ कसं?

मराठीनं हे उत्तर शब्दातच देऊन ठेवलंय. व्यावसायिक जगातही हे नातं जुनं आहे. संग्रहालयांची जागतिक संघटना असलेल्या ‘इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ म्युझियम्स’नं, म्हणजे ‘आयकॉम’नं, अनेक वर्षं आपल्या व्याख्येत प्राणिसंग्रहालयं, वनस्पती उद्यानं आणि मत्स्यालयं यांचा स्पष्ट उल्लेख केला होता. २०२२ मध्ये प्रागच्या सभेत मंजूर झालेल्या नव्या व्याख्येत अशी यादी नाही. जमवणं, जतन करणं, अभ्यास करणं, लोकांना समजावून सांगणं ही कामं मात्र तीच आहेत.

भारतात दोघांचं प्रशासन वेगळं आहे. प्राणिसंग्रहालयांवर १९९२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची देखरेख असते. वस्तुसंग्रहालयं राज्य सरकार, केंद्र सरकार, महापालिका, विद्यापीठं आणि खासगी न्यास अशा अनेक हातांत विभागलेली आहेत. पण पेचप्रसंग सारखेच असतात. एकीकडे हरणाला संसर्ग होतो, दुसरीकडे पैठणीला कसर लागते. दोन्ही ठिकाणी उशीर झाला की गेलेली गोष्ट परत येत नाही.

पुण्यात ज्ञान माणसांत अडकून राहतं का?

पुण्यातली मोठी संग्रहालयं बघितली, तर बहुतेकांच्या मागे एकच झपाटलेला माणूस दिसतो.

कात्रजचंच घ्या. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास काढले आणि ते देशभर गाजलं. पुढे १९८६ मध्ये त्यांच्या पुढाकारातून कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं. पेशवे पार्कमधले प्राणी नंतर याच परिसरात आले.

बाजीराव रोडवरचं राजा दिनकर केळकर संग्रहालयही असंच. चष्म्याचा व्यवसाय करणारे आणि ‘अज्ञातवासी’ नावानं कविता लिहिणारे दिनकर केळकर गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, वाद्यं, दारं-खिडक्या जमवत राहिले. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ त्यांनी हे संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये सुमारे २० हजार वस्तूंचा संग्रह राज्य सरकारला दिला.

कात्रजजवळच्या आंबेगावातली शिवसृष्टी ही शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांची कल्पना. ‘सरकारवाडा’ हा तिचा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ रोजी खुला झाला. त्याआधी, नोव्हेंबर २०२१ मध्येच, पुरंदरे यांचं निधन झालं होतं. महाराष्ट्रात इतरत्रही हेच दिसतं. औंधचं संग्रहालय पंतप्रतिनिधींचं, तर तेरचं रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं.

या माणसांचं ऋण मोठं आहे. पण संग्रह वारसाहक्कानं देता येतो, नजर देता येत नाही. कोणता अडकित्ता कुठल्या गावातून आला, कोणत्या कपाटात पावसाळ्यात ओल धरते, कोणता साप हाताळताना काय करायचं नाही, हे त्या त्या माणसाच्या डोक्यात असतं. तो निवृत्त झाला किंवा गेला की पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं, आणि शिकताना होणाऱ्या चुकांची किंमत संग्रह मोजतो. हे ज्ञान एका माणसाकडून काढून साऱ्या पेशाचं करायचं, हा परिषदेचा खरा उपयोग.

मग परिषदेत मिळतं काय?

पहिली गोष्ट, दुसऱ्याच्या चुका. मार्च २०२४ मध्ये कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात एक बिबट्या पिंजऱ्यातून निसटला आणि दुसऱ्या दिवशी उद्यानाच्या आवारातच त्याला पकडण्यात आलं. एखाद्या प्राणिसंग्रहालयाच्या आयुष्यात असा प्रसंग क्वचितच येतो. तो स्वतःवर येईपर्यंत थांबून शिकायचं ठरवलं, तर शिकणं फार महागात पडेल. पण देशभरातल्या प्राणिसंग्रहालयांचे लोक एकत्र बसले, तर असे अनुभव असलेली माणसं त्या खोलीत सापडतात. गेट कोणी बंद केलं, प्रेक्षकांना कसं बाहेर काढलं, पहिल्या दहा मिनिटांत काय चुकलं? अहवालात यातलं बरंच गाळलं जातं. चहाच्या वेळी ते सांगितलं जातं.

दुसरी गोष्ट, हाताचं कौशल्य. पुण्यात जून ते सप्टेंबर हवेत दमटपणा असतो. सापेक्ष आर्द्रता सतत ६५ टक्क्यांच्या वर राहिली की कागद, कापड आणि चामडं यांवर बुरशी धरण्याचा धोका वाढतो. जुन्या कापडावर ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश नको, हा जगभर पाळला जाणारा दंडक आहे. हे आकडे पुस्तकात मिळतात. पण आर्द्रतामापक कपाटात कुठे ठेवायचा, सिलिका जेल कधी बदलायचं, बुरशीवर ब्रश कोणत्या दिशेनं फिरवायचा, हे दुसऱ्याच्या हाताकडे बघूनच कळतं.

तिसरी गोष्ट, स्वतःचा जीव. संग्रहालयांत वर्षानुवर्षं डांबराच्या गोळ्या ठेवल्या जातात. नॅप्थॅलिनची वाफ बंद खोलीत रोज श्वासावाटे घेणं आरोग्याला घातक आहे. पेंढा भरलेल्या जुन्या प्राण्यांची गोष्ट त्याहून गंभीर. त्यांची कातडी टिकवण्यासाठी एकेकाळी आर्सेनिक असलेला साबण सर्रास वापरला जाई. असा वाघ मोकळ्या हातानं पुसणाऱ्या शिपायाला हे कोणी सांगितलेलं असतं का? परिषदेतलं एखादं सत्र त्याला हातमोजे आणि मास्क मागण्याचं कारण देऊ शकतं.

चौथी गोष्ट, विश्वास. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लोकांसाठी मांडली गेली. अशी वस्तू उसनी देण्याआधी देणारी संस्था घेणाऱ्याची सगळी माहिती मागते. इमारत कशी आहे, पहारा कसा आहे, काचपेटीतलं तापमान आणि आर्द्रता किती, वस्तूची पेटी कोण उघडणार. वस्तू निघताना आणि पोहोचल्यावर तिच्या अवस्थेची बारकाईनं नोंद होते. ही भाषा येणारी माणसं असतील, तर लहान शहरातलं संग्रहालयही मोठ्या संग्रहालयाशी बरोबरीनं बोलू शकतं.

वाघनखांनी आणखी एक जुना पेच पुढे आणला. अफजलखानाच्या वधात वापरलेली वाघनखं हीच, याची खात्री देता येत नाही, असं खुद्द लंडनच्या संग्रहालयानं सांगितलं. मग पाटीवर काय लिहायचं? लोकांच्या श्रद्धेचा मान राखून पुराव्याशी प्रामाणिक राहणारी दोन ओळींची पाटी लिहिणं हे अतिशय अवघड काम आहे. एकट्यानं लिहिण्याआधी दहा सहकाऱ्यांशी त्यावर वाद घालता आला, तर पाटी नक्कीच सुधारते.

प्रादेशिक परिषदच का?

कारण पाऊस सारखा असतो. युरोपातल्या मार्गदर्शक पुस्तिका थंड हवा आणि चोवीस तास वीज गृहीत धरतात. कोकणातल्या रत्नागिरीच्या संग्रहालयाला जो दमटपणा छळतो, तो पुण्याला ओळखीचा आहे. तेर आणि पैठणचा उन्हाळा नागपूरला समजतो. सरकारी नियम, खरेदीची पद्धत, निधी मिळण्याची वाट, हेही सारखंच.

दुसरं कारण भाषेचं. राष्ट्रीय परिषदेत इंग्रजीत निबंध वाचले जातात. तिथे वीस वर्षं साप हाताळलेला कर्मचारी मागच्या रांगेत गप्प बसतो. हीच परिषद मराठीत झाली तर तो उठून बोलेल, आणि ऐकण्यासारखं बहुतेक त्याच्याकडेच असेल.

तिसरं, मदत जवळ असते. शिकायला फार लांब जावं लागत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्तू-संवर्धनाचं केंद्र आहे. १९५२ मध्ये संग्रहालयशास्त्राचा विभाग सुरू करणारं बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ एका रात्रीच्या प्रवासावर आहे. देशातल्या मोठ्या संग्रहालयांच्या नोंदी ज्या ‘जतन’ प्रणालीवर होतात, ती तर पुण्याच्याच सी-डॅकनं बनवली. एकदा ओळख झाली की पुढच्या वेळी बुरशी दिसताच फोन कोणाला करायचा, हे ठाऊक असतं. परिषदेचा सर्वात टिकाऊ फायदा बहुधा हा फोन नंबरच.

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. भारतातल्या संग्रहालयांच्या प्रमुखांची परिषद कोलकात्यात डिसेंबर १९०७ मध्ये भरली होती आणि दुसरी मद्रासला जानेवारी १९१२ मध्ये. १९३६ मध्ये मार्कहॅम आणि हारग्रीव्ह्ज यांनी देशातल्या संग्रहालयांची पाहणी प्रसिद्ध केली. पुढे १९४४ मध्ये ‘म्युझियम्स असोसिएशन ऑफ इंडिया’ स्थापन झाली. एकमेकांना भेटल्याशिवाय हे काम सुधारत नाही, हे शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं गेलं होतं.

यूट्यूब आणि झूम पुरेसे नाहीत का?

माहितीसाठी बऱ्याच अंशी पुरेसे आहेत. आर्द्रतेवरचं उत्तम व्याख्यान आज घरबसल्या ऐकता येतं आणि ते ऐकायलाच हवं. पण कॅमेऱ्यासमोर कोणी ‘आमच्याकडे हे चुकलं’ असं सहज कबूल करत नाही. शिवाय व्याख्यान ऐकणाऱ्याला कपाट उघडून दाखवता येत नाही.

आक्षेपही खरे आहेत. अनेक परिषदांचा पहिला अर्धा दिवस सत्कारात जातो. एकाच संस्थेतून दर वेळी तेच दोन साहेब जातात. परत आल्यावर पिशवी आणि प्रमाणपत्र कपाटात पडतं. अशा परिषदेवरचा खर्च वाया गेला म्हणणाऱ्याला चूक ठरवता येणार नाही.

फरक पडतो तो तीन साध्या अटींनी. जो वस्तूला किंवा प्राण्याला हात लावतो, त्याला पाठवायचं. जाताना त्यानं आपल्याकडची एक न सुटलेली अडचण लिहून न्यायची. आल्यावर आठवडाभरात सहकाऱ्यांना, अगदी सुरक्षारक्षक आणि सफाई कामगारांनाही, काय बदलायचं ते सांगायचं. कंत्राटी कर्मचाऱ्यांचा प्रश्न इथे येतोच. शिकवून तयार केलेला माणूस अकरा महिन्यांनी निघून जाणार असेल, तर परिषद कितीही चांगली झाली तरी शहाणपण संस्थेत मुरत नाही.

तिकीट काढून येणाऱ्याला याचं काय?

एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीतलं राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय जळालं. सप्टेंबर २०१८ मध्ये ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय रिओमध्ये एका रात्रीत खाक झालं. तिथल्या बहुतेक गोष्टींची दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती. अशा वेळी नुकसान एकट्या संस्थेचं नसतं.

कात्रजला रविवारी मुलांना घेऊन गेलेल्या माणसाला हरणांच्या कुंपणापाशी एखादा कर्मचारी दिसतो. प्राण्याकडे तो ज्या नजरेनं बघतो, त्यावर बरंच काही अवलंबून असतं. ती नजर त्याला नागपूरच्या, मैसूरच्या, चेन्नईच्या सहकाऱ्यांकडूनही मिळालेली असेल, तर पुढचा आजार दोन दिवस आधी लक्षात येऊ शकतो. साथीच्या आजारात दोन दिवसांनीही मोठा फरक पडू शकतो.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या परिषदेचा फोटो दिसला, तर शाल कोणाला मिळाली हे बघू नये. मागच्या रांगेत खाकी कपड्यातलं कोणी बसलंय का, ते बघावं.