दारावरची पाटी

भिलाईच्या सेक्टर सहामधील एका क्वार्टरच्या दारावर जी पाटी आहे, तिच्यावर एका अविवाहित स्त्रीचे नाव आहे. वय बेचाळीस. नोकरी पोलाद कारखान्याच्या एका कार्यालयात. घरात ती आणि तिची वृद्ध आई. धाकटा भाऊ पुण्यास असतो. वडील नागपूरहून कारखान्यात नोकरीसाठी इकडे आले आणि सेवानिवृत्त झाले. आता ते हयात नाहीत. नागपूरला त्यांनी स्वतःच्या कमाईने बांधलेले एक लहानसे घर मागे राहिले आहे.

एका सायंकाळी मी त्यांच्याकडे बसावयास गेले होते. आई आत देवापाशी होत्या. मुलगी फोनवर एक जपानी मालिका पाहत होती. मी विचारले, "ही भाषा तुला समजते का ग?" ती म्हणाली, "भाषा नाही समजत, मावशी. खाली इंग्रजी अक्षरे येतात. पण माणसे समजतात."

मालिका २००८ सालची. तोक्योच्या टीबीएस वाहिनीने ती त्या वर्षी एप्रिल ते जून ह्या काळात दाखविली. नाव 'अराउंड फॉर्टी', म्हणजे चाळिशीच्या आसपास. पुढे जपानी भाषेत एक पुस्ती जोडलेली आहे, तिचा अर्थ साधारण 'पुष्कळ मागण्या असलेल्या बायका' असा होतो. नायिका एकोणचाळीस वर्षांची मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर; ती भूमिका युकी आमामी ह्या अभिनेत्रीने केली आहे. डॉक्टरीणबाईंना स्वतःचे घर आहे, मिळकत आहे, मैत्रिणी आहेत, आणि वयाने लहान असलेल्या एका मानसशास्त्रज्ञाविषयी हळूहळू ओढ वाटू लागते. ह्या मालिकेमुळे 'अराफो' हा शब्द जपानात इतका रूढ झाला की त्या वर्षीच्या गाजलेल्या शब्दांच्या निवडीत त्याला अग्रमान मिळाला.

आता तुम्ही म्हणाल, त्या दूरदेशीच्या बाईंचे आम्हांस काय? पण थोडे थांबा. जपानात एकेकाळी पंचवीस वर्षांवरील अविवाहित मुलीस नाताळच्या केकची उपमा देत असत. पंचवीस तारीख उलटली की त्याला कोणी विचारीत नाही म्हणून. पुढे २००३ साली एका लेखिकेने तिशी ओलांडलेल्या अविवाहित स्त्रियांसाठी 'हरलेली कुत्री' हा शब्द उपरोधाने वापरला आणि तोही गाजला. आपण हसण्यापूर्वी आपल्या भाषेतील 'घोडनवरी' हा शब्द आठवावा. अशी नावे ठेवण्यात कोणताच समाज मागे नाही.

आणि आपल्याकडे हे दुःख प्रथम मांडले गेले, त्याला आता नव्वद वर्षे उलटून गेली. १९३३ साली 'विभावरी शिरूरकर' ह्या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, लग्नाचे वय उलटत चाललेल्या मुलींची मने त्यात इतक्या उघडपणे बोलली की महाराष्ट्रात केवढा गदारोळ माजला! ही लेखिका कोण, ह्याचा शोध घेण्यातच कित्येकांचे दिवस गेले. त्या होत्या बाळूताई खरे. १९३८ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, विश्राम बेडेकरांशी विवाह होऊन त्या मालती बेडेकर झाल्या. मुलगी मिळवती झाली की तिच्या लग्नाची घाई घरालाच उरत नाही, ही बोचरी गोष्ट मराठी वाचकास तेव्हापासून ठाऊक आहे. ठाऊक असूनही आपण ती फारशी मनावर घेत नाही, एवढेच.

अलीकडे आपल्या मालिकांनीही ह्या वयाकडे पाहावयास सुरुवात केली आहे. २०१९ साली 'अग्गंबाई सासूबाई' मध्ये सुनेने विधवा सासूचे लग्न लावून दिले. २०२२ साली 'तू तेव्हा तशी' मध्ये कॉलेजातील जुनी ओळख चाळिशीत पुन्हा जुळते. दोन्ही लोकांनी आवडीने पाहिल्या. मात्र आमच्या मालिकांत प्रश्न असतो तो 'लग्न होईल का?' हा. त्या जपानी मालिकेत नायिका विचारते की लग्न झाले, तर माझे जे आहे त्यातले काय सोडावे लागेल? माझ्या मते हा दुसरा प्रश्न अधिक खरा आहे.

सेक्टर सहाच्या घरातही तोच प्रश्न उभा राहिला आहे. ह्या मुलीस एक स्थळ आले आहे. 'आले आहे' हा शब्दही तितकासा बरोबर नाही. राजनांदगावचे एक विधुर गृहस्थ, वय अठ्ठेचाळीस, कामाच्या निमित्ताने दोन वर्षांपासून परिचयाचे आहेत आणि त्यांनी स्वतःच विचारले. तिला ते आवडतात. तिने ही गोष्ट घरी सांगितली, तेव्हा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, ह्या वयात? लोक काय म्हणतील?" आणि आई म्हणाल्या, "मग माझ्याकडे कोण पाहील?"

आईंचा प्रश्न मी थट्टेवारी नेणार नाही. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी जेरीस आलेल्या स्त्रीची ती खरी भीती आहे. पण हा प्रश्न पुण्यास कधीच का विचारला गेला नाही? मुलगा संसारी आहे म्हणून तो मोकळा, आणि मुलगी एकटी आहे म्हणून ती बांधलेली, हा हिशेब कोणी मांडला? मातापित्यांच्या चरितार्थाविषयी २००७ साली जो कायदा झाला, त्यात मुलगा व मुलगी ह्या दोघांवरही सारखीच जबाबदारी आहे. अविवाहित मुलीवर अधिक, असे त्यात कोठेही लिहिलेले नाही.

ह्याच सुमारास नागपूरच्या घराचे कागदही पुढे आले आहेत. भावाचे म्हणणे, "तुला एकटीला घर कशाला? हक्कसोडपत्रावर सही करून टाक." आईंनाही त्यात वावगे वाटले नाही. येथे मात्र मला स्पष्ट बोलणे भाग पडले. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अशा स्वकष्टार्जित घरात आई, मुलगा व मुलगी ह्या तिघांचे वाटे सारखे. मुलगी विवाहित की अविवाहित, ह्याने वाट्यात फरक पडत नाही. पूर्वी एक अडचण होती. कुटुंब राहत असलेल्या घरात पुरुष वारस वाटणी मागेपर्यंत मुलीस वाटणी मागता येत नसे, आणि राहण्याचा हक्कही अविवाहित, विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या अथवा विभक्त झालेल्या मुलीपुरताच असे. ते कलम २००५ साली काढून टाकण्यात आले. हक्कसोडपत्र एकदा नोंदणी होऊन गेले की परत फिरणे फार कठीण असते. आणि क्वार्टर तर नोकरीचे. साठाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर दारावरची पाटी उतरवावीच लागणार. मग ही मुलगी जाईल कोठे?

मी तिला विचारले, "लग्न करणार असशील, तर घराचा वाटा सोडावासा वाटतो का?" तिने क्षणभर विचार केला. "त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, मावशी? लग्न केले तरी वाटा माझाच, नाही केले तरी माझाच."

आई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकले असावे. त्या काही बोलल्या नाहीत. चहाचे आधण ठेवावयास आत गेल्या. थोड्या वेळाने आतूनच त्यांनी विचारले, "ते राजनांदगावचे, साखर किती घेतात ग चहात?"

मुलीने मालिका थांबविली. "एकच चमचा, आई."

येत्या रविवारी ते गृहस्थ चहास येणार आहेत. पुण्याचे पत्र अद्याप सहीवाचून टेबलावर पडून आहे.